खाजन आणि वायंगण शेतांत पक्षी पाहायला येताना: आधी पाणी, मग कॅमेरा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आपण कोल्हापूरहून पत्नी आणि बारा वर्षांच्या मुलीसह तीन दिवसांसाठी गोव्यात येत आहात, १५०-६०० मिलिमीटरची झूम लेन्स नुकतीच घेतली आहे, भिगवणला दोनदा जाऊन आला आहात आणि आता गोव्यातील पाणथळ भातशेतांमधील पक्षी पाहून त्यांची छायाचित्रे घ्यायची आहेत, तर कोणत्या जागा निवडाव्यात, किती वाजता पोहोचावे, कॅमेऱ्याची मांडणी कशी ठेवावी आणि शेतात उतरावे की रस्त्यावरूनच पाहावे. गोव्याच्या तिसवाडी आणि बारदेश तालुक्यांतील शेतांत मी बावीस हिवाळे पक्षी पाहत आणि टिपत फिरलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो. उत्तर लांबेल, कारण जागांची नुसती यादी दिली तर ती आपल्या उपयोगी पडणार नाही.

भिगवणला उजनीचे पाणी एकसंध पसरलेले असते आणि नावाडी आपल्याला पक्ष्यांपर्यंत नेतो. येथे पाणी शेकडो कुणग्यांत, म्हणजे बांधांनी आखलेल्या भातशेताच्या लहान तुकड्यांत, वाटलेले असते आणि प्रत्येक कुणग्यात ते किती असावे हे शेतकरी ठरवतो. आज ज्या कुणग्यात दोनशे अडई आणि शेकाटे उभे आहेत तो परवा नांगरून कोरडा झालेला असेल आणि पक्षी अर्धा किलोमीटर पलीकडे गेलेले असतील. म्हणूनच एखाद्याने गेल्या वर्षी टिपलेल्या छायाचित्राखालचे ठिकाण शोधत नेमके त्याच बांधावर जाऊन उभे राहणारे पुष्कळ पाहुणे निराश होतात. पाणी आज कोठे आहे, ते किती खोल आहे आणि त्या शेतात या आठवड्यात कोणते काम चालू आहे, हे तीन प्रश्न ज्याने आधी विचारले त्याला पक्षी बहुधा सापडतात.

गोव्यातील भातजमिनीचे तीन प्रकार येथील लोक मानतात. डोंगरउताराची मोरड जमीन पावसावर एकच पीक देते आणि हिवाळ्यात कोरडी पडते. तिच्या खालची खेर जमीन रेताड असते. जेथे तळ्याचे किंवा ओहोळाचे पाणी मिळते तेथे तिच्यात पावसाळी सरद पिकानंतर हिवाळी वायंगण पीकही घेतात. आणि सर्वांत खाली, खाडीच्या काठाला, खाजन. ही जमीन पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून खारफुटीतून आणि भरतीच्या पाण्यातून मिळवलेली आहे. तिचे क्षेत्र सुमारे १८ हजार हेक्टर सांगितले जाते. बांधाच्या आत पोय नावाचा पाण्याचा फाटा फिरतो आणि नदीशी तो मानशीच्या दाराने जोडलेला असतो. मानशीची लाकडी झडप भरती आली की नदीच्या पाण्याच्या दाबानेच मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. एखाद्या संध्याकाळी मुलीला ती झडप उघडताना अवश्य दाखवा. वीज नाही, यंत्र नाही, आणि शेकडो एकर शेती त्या एका फळीच्या आधारावर उभी आहे.

खाजनात भात फक्त पावसाळ्यात होते, कारण मातीतले मीठ पावसानेच धुऊन निघते. कोरगुटसारखे खारेपण सोसणारे जुने वाण तेथे लावत आले आहेत. ऑक्टोबरच्या सुमारास कापणी झाली की अनेक खाजनांत मासळी आणि कोळंबीसाठी खारे पाणी आत घेतात. त्यामुळे आपण याल तेव्हा खाजनात कापणी झालेल्या भाताचे खुंट, त्यांच्यामध्ये बोट-दोन बोटे मचूळ पाणी आणि मधूनमधून उघडा चिखल असे दृश्य असेल. खेर जमिनीत मात्र त्याच दिवसांत वायंगणाची चिखलणी आणि लावणी चालू असते. एकाच सकाळी दोन किलोमीटरच्या आत ही दोन्ही शेते पाहता येतात, म्हणून डिसेंबरचा शेवट आणि जानेवारीचा पूर्वार्ध मला वर्षातला सर्वांत चांगला काळ वाटतो. आपण योग्य वेळ निवडली आहे.

आता पक्षी आणि पाण्याची खोली यांचे नाते. चिखल्या आणि तुतारी या पाणथळ पक्ष्यांच्या पायांची उंची लक्षात घ्या. ओल्या चिखलावर किंवा नखभर पाण्यावर छोटा कंठेरी चिखल्या आणि धोबी पक्षी चालतात. बोटभर पाण्यात ठिपकेवाली तुतारी चरते. घोटाभर पाण्यात शेकाट्या आणि लहान बगळे. त्याहून खोल पाण्यात मोठे बगळे, करकोचे आणि त्यापुढे बदके. पाणी गुडघाभर असेल आणि वर वनस्पती तरंगत असतील तर कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी आणि अडई यांची अपेक्षा ठेवावी. नुकतीच लावणी झालेला कुणगा डोळ्यांना सुंदर दिसतो, पण त्यात पक्षी कमी असतात, कारण माती पुन्हा ढवळलेली नसते आणि माणसांची ये-जा चालू असते. त्याच्या शेजारी चिखलणी चालू असलेला कुणगा शोधा. पॉवर टिलरच्या मागे गाय बगळे, ढोकरी, पांढरे शराटी आणि काही वेळा मोर शराटी हातभर अंतराने चालत असतात, कारण उलटलेल्या मातीतून गांडुळे, किडे आणि बेडूक वर येतात. यंत्राच्या आवाजाला ते सरावलेले असतात. आपण बांधावर शांत बसलात तर काही मिनिटांत आपल्यालाही ते त्या दृश्याचाच भाग मानतात.

कोरड्या खुंटांच्या शेताकडे नवखे छायाचित्रकार वळत नाहीत, ही मला चूक वाटते. तीरचिमणी, चंडोल, तारेवर बसलेला नीलपंख, वेडा राघू आणि त्याचा निळ्या शेपटीचा भाऊबंद, गवतात मुनियांचे थवे हे सारे तेथे असते. सकाळी साडेसात ते नऊ आणि दुपारी चारनंतर दलदली भोवत्या खुंटांवरून अगदी खालून, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचलून धरत, कुणग्यामागून कुणगा तपासत जातो. तो एकदा गेलेल्या वाटेने पुन्हा येण्याची शक्यता मोठी असते. त्याच्या मागे धावू नका, त्याची वाट पाहा.

पाणलाव्याबद्दल स्वतंत्र सांगतो, कारण प्रत्येक पाहुणा त्याचे चित्र मागतो. तो खुंटांत आणि ओल्या गवतात इतका मिसळून बसतो की आपण तीन पावलांवर येईपर्यंत हलत नाही आणि मग नागमोडी उडत नाहीसा होतो. त्याला उठवून चित्र मिळत नाही. उलट तो ज्या कोपऱ्यात दिवस काढणार होता तो आपण हिरावून घेतो. एकदा उडाला तर कोठे उतरला ते पाहा, त्या कडेच्या बांधावर कमीत कमी वीस मीटर अंतर राखून बसा आणि अर्धा-पाऊण तास थांबा. डबक्याच्या काठाने चोच खुपसत तो स्वतःच बाहेर येतो. रंगीत पाणलावा हा निराळ्या कुळातला पक्षी. त्यात मादी अधिक रंगीत असते आणि अंडी उबवणे, पिले सांभाळणे हे काम नर करतो. तो दिसायचा असेल तर दाट गवताच्या कडेला पहिल्या उजेडात किंवा सूर्य मावळताना बसावे लागेल.

जागांकडे येतो. पहिल्या सकाळसाठी करमळीचे तळे घ्या. पणजीपासून ते अर्ध्या तासाच्या अंतरावर, जुन्या गोव्याच्या पुढे आहे आणि कोकण रेल्वेचे करमळी स्थानक त्याला लागूनच आहे. हे निसर्गतः झालेले तळे नाही. शेतीसाठी पाणी साठवायला गावकऱ्यांनी राखलेले ते पाणी आहे आणि हिवाळ्यापासून ते खालच्या शेतांना सोडले जाते. त्यामुळे डिसेंबरात तळ्यावर अडई, तलवार बदके, काणूक, कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या असतात, आणि पाणी उतरू लागते तसा काठचा चिखल उघडा पडून तुतारी व शराटी येतात. तळ्यात रानटी भातही उगवते. त्याला लोक देवभात म्हणतात. तळ्यावर एक तास घालवून खालच्या शेतांकडे वळा. कांडेसर, उघड्या चोचीचा करकोचा आणि नशीब चांगले असेल तर लहान क्षत्रबलाक हे मोठे पक्षी मला तळ्यापेक्षा शेतांतच अधिक वेळा भेटले आहेत. उघड्या चोचीचा करकोचा गोगलगाय शंखातून कशी काढतो हे मुलीला दुर्बिणीतून दाखवा. चोचीच्या दोन भागांमधली फट तेथे उमगते.

दुसरा दिवस चोडण आणि दिवाडी या मांडवीतल्या बेटांना द्यावा. रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला उतरले की शेजारीच सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ साली घोषित झालेले हे अभयारण्य १.७८ चौरस किलोमीटरचे आणि जवळजवळ पूर्ण खारफुटीचे आहे. तेथे पायवाटेने किंवा होडीने खंड्यांचे प्रकार पाहायला मिळतात. काळ्या टोपीचा खंड्या तेथे मिळण्याची आशा जास्त, आणि घोंगी खंड्याही असतो. पण शेतातले पक्षी आपल्याला हवे असतील तर अभयारण्यात सगळी सकाळ घालवू नका. बेटाच्या आतल्या बाजूला जाणाऱ्या रस्त्यांच्या दोहों कडांना खाजन शेते आहेत आणि खरे काम तेथे आहे. दिवाडीतही तसेच. बेटांवर मोठी गाडी आणण्याचा अट्टहास नको. दुचाकीवर किंवा पायी हळू फिरणाऱ्याला अधिक दिसते.

या दिवसासाठी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहणे अत्यावश्यक आहे. आमच्याकडे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मोठी भरती साधारण मध्यान्हाच्या आधी येते, म्हणून त्या दिवसांत पहाटे ओहोटी असते. अष्टमीच्या आसपास उलटे होते आणि सूर्योदयाला पाणी भरलेले असते. रोज ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. ओहोटी असेल तर नदीकाठचा आणि पोयीचा चिखल उघडा असतो, पक्षी तेथे विखुरतात आणि मानशीजवळ बगळे, ढोकरी व खंड्या टपून बसतात, कारण दारातून बाहेर पडणाऱ्या पाण्याबरोबर मासळी येते. भरती चढली की चिखलावरचे चिखल्या, तुतारी आणि सोनचिखल्या बांधाच्या आत, शेतांत येतात आणि दाटीने विसावतात. म्हणजे शेतातल्या थव्यांचे चित्र हवे तर भरती चढण्याच्या आधी अर्धा तास बांधावर येऊन बसायचे, जेणेकरून पक्षी आपल्याकडे उतरतील आणि आपल्याला त्यांच्याकडे जावे लागणार नाही.

मानशीवर उभे राहून छायाचित्रे घेण्याआधी तेथे कोणी जाळे लावून बसले आहे का ते पाहा. मानशीवर मासळी पकडण्याचा हक्क लिलावाने दिला जातो. ज्याने तो घेतला त्याच्यासाठी ओहोटीचे ते दोन तास म्हणजे त्या दिवसाची कमाई आहे. विचारले तर बहुतेक जण आनंदाने जागा दाखवतात, आणि कोणता पक्षी किती वाजता येतो हेही सांगतात.

तिसऱ्या दिवशी बारदेशातील सुकूर किंवा साळगावची शेते घ्यावीत, की दक्षिणेला साष्टी तालुक्यात उतरावे, हे आपल्या मुक्कामावर ठरवा. उत्तरेत राहणार असाल तर सुकूर पुरेसे आहे: वस्तीने वेढलेले शेत, पण मुनिया, सुगरण, पाणलावा आणि धोबी यांच्यासाठी मला ते अजूनही प्रिय आहे. दक्षिणेत राहणार असाल तर कुडतरी गाठा. साष्टीचे धान्याचे कोठार अशी त्या गावाची ख्याती आहे आणि तेथील अनेक तळी आजही वायंगणाला पाणी पुरवतात. कुडचड्याचे नंदा तळे २०२२ साली गोव्यातील पहिले रामसर स्थळ झाले. त्याचेही साठवलेले पाणी खालच्या भातशेतीला जाते. मात्र तीन दिवसांत उत्तर, बेटे आणि दक्षिण असे सगळे उरकण्याचा प्रयत्न करू नका. एका शेतात सलग दोन सकाळी बसलेल्या माणसाची चित्रे सहा ठिकाणी धावलेल्याच्या चित्रांपेक्षा चांगली येतात, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. ३१ डिसेंबरच्या आदल्या-मागल्या दिवशी किनाऱ्याकडच्या रस्त्यांवर गर्दी असते. सकाळी साडेसहाला निघाल्यास ती जाणवत नाही.

वेळेचे गणित सोपे आहे. त्या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. पावणेसातला जागेवर बसलेले असावे. शेतावर धुके असते आणि पहिला अर्धा तास चित्रे निळसर, मऊ येतात; ती टाळू नका. नऊ-साडेनऊनंतर जमीन तापू लागते, हवा थरथरते आणि दूरचा पक्षी कितीही चांगल्या लेन्सने घेतला तरी फुगीर, अस्पष्ट येतो. पुष्कळांना वाटते की लेन्समध्ये दोष आहे. दोष हवेच्या थरांचा असतो. त्यावर उपाय एकच, जवळचा पक्षी घ्यावा किंवा कॅमेरा पिशवीत ठेवून दुर्बीण काढावी. पुन्हा चार ते सहा हा चांगला काळ.

कॅमेऱ्याबद्दल. आपली लेन्स ६०० मिलिमीटरला एफ ६.३ देत असेल. पहाटे तेवढेच उघडे ठेवा, ऊन आल्यावर एफ ८ करा. मी मॅन्युअलवर वेग आणि छिद्र स्वतः ठरवतो आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, आपोआप बदलू देतो. उभ्या ढोकरीला सेकंदाचा १/५०० पुरतो, चालणाऱ्या तुतारीला १/१०००, उडणाऱ्या बगळ्याला १/२०००, आणि मुनियांच्या थव्याला १/३२०० च्या खाली जाऊ नका. पहाटे आयएसओ ३२०० ला घाबरू नका. दाणेदार चित्र सुधारता येते, हललेले सुधारता येत नाही. चित्रे रॉ स्वरूपात घ्या.

भातशेतातली खरी अडचण उजेडाच्या मोजणीची आहे. पांढरा बगळा काळ्याशार चिखलावर उभा असतो. कॅमेरा काळ्या चिखलाकडे पाहून चित्र उजळवतो आणि बगळ्याच्या पिसांचा तपशील जळून जातो. अशा वेळी एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक पूर्ण स्टॉप खाली आणा. मोर शराटी चकाकत्या पाण्यावर असेल तर उलटे करा, एक स्टॉप वर जा, नाहीतर त्याच्या पंखांवरचा हिरवा-तांबडा झळाळ न दिसता नुसती काळी आकृती येते. दोन्ही पक्षी एकाच कुणग्यात असतील, आणि असतातच, तर बगळ्याला सांभाळा. सावली नंतर उचलता येते. स्क्रीनवरच्या उजेडाच्या आलेखाची (हिस्टोग्रामची) उजवी कड प्रत्येक नव्या कुणग्यात एकदा पाहण्याची सवय लावा.

सूर्य पाठीशी ठेवायचा हे आपल्याला ठाऊक असेलच. डिसेंबरात तो आग्नेयेला उगवतो आणि दिवसभर दक्षिणेकडे कललेला राहतो, म्हणून शेताच्या पूर्व किंवा दक्षिण कडेचा रस्ता सकाळी निवडावा. पण कधी मुद्दाम उजेडाकडे तोंड करून बसा. धुक्यातून येणारा तिरपा उजेड, पाण्यावरचे प्रतिबिंब आणि शेकाट्याची काळी आकृती हे चित्र भातशेतच देऊ शकते. उंचीही महत्त्वाची आहे. उभे राहून घेतलेल्या चित्रात पक्षी चिखलावर चिकटल्यासारखा दिसतो; बांधावर बसून, लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला आणली तर मागचे हिरवे शेत विरघळते आणि पक्षी मोकळा होतो. तिपाईचे वजन घेऊन फिरू नका. तांदूळ किंवा डाळ भरलेली कापडी पिशवी गाडीच्या खिडकीवर आणि बांधाच्या दगडावर दोन्हीकडे चालते.

दव फार पडते. वातानुकूलित खोलीतून काढलेली लेन्स बाहेर धुके धरते, म्हणून कॅमेऱ्याची पिशवी रात्री वऱ्हांड्यात ठेवा किंवा निघण्याआधी अर्धा तास बाहेर काढा. खाडीकाठची हवा खारी असते. संध्याकाळी किंचित ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने बाहेरचा भाग पुसा.

शेतात उतरावे का, हा आपला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रस्ता, पाणंद आणि मोठा बांध यांवरून चाला. कुणग्यांमधली मेर, म्हणजे मातीचा अरुंद बांध, टाळा. पिकात कधीही उतरू नका. माझ्याकडून झालेली एक चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका रंगीत पाणलाव्याच्या मागे मी नुकत्याच चिखलाने लिंपलेल्या मेरेवरून चालत गेलो. ती ओली होती, दोन ठिकाणी खचली, आणि वरच्या कुणग्यातले पाणी खालच्या, दोन दिवसांपूर्वी लावलेल्या रोपांवर उतरले. म्हातारे शेतकरी आले, रागावले नाहीत. फावडे माझ्या हातात दिले. तास-दीड तास आम्ही दोघांनी ती मेर पुन्हा घातली, आणि त्या वेळात कोणता कुणगा केव्हा नांगरणार, पाणी केव्हा सुटणार आणि पाणलावे कोठे झोपतात हे त्यांनी मला सांगितले. पुढची अनेक वर्षे मी हिवाळ्याच्या सुरुवातीला आधी त्यांच्या घरी जात असे. खाजनाच्या बाहेरच्या बांधाची गोष्ट तर अधिक गंभीर असते: तो फुटला तर खारे पाणी शिरते आणि ती जमीन पुन्हा गोडी होण्यासाठी काही पावसाळे जावे लागतात.

हे सांगण्यामागे आणखी एक कारण आहे. कुळकायदा १९६४ साली आल्यानंतर बांध आणि मानशी सांभाळण्याची जुनी गावकरीची, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेची, घडी बदलली, पुष्कळ ठिकाणी दुरुस्ती मागे पडली आणि शेते पडीक झाली. पडीक शेत म्हणजे पक्ष्यांना मोकळे रान, असे वाटते, पण मी पाहिले ते वेगळे आहे. बांध फुटलेल्या खाजनात काही वर्षांत खारफुटी वाढते. खंड्या आणि बगळे टिकतात, पण पाणलावे, तुतारी, तीरचिमणी आणि मुनिया निघून जातात. गोड्या पाण्याचे शेत पडीक टाकले तर उंच गवत माजते आणि उघडा चिखल नाहीसा होतो. चिखलणी, लावणी, पाणी देणे आणि सोडणे या कामांमुळेच बोटभर पाण्याचा तो कुणगा दरवर्षी तयार होतो. म्हणून मी पाहुण्यांना शेजारच्या घरातून तांदूळ विकत घ्यायला सांगतो, आणि शेतकऱ्याचे किंवा त्याच्या शेताचे चांगले चित्र आले तर त्याची छापील प्रत पाठवायला सांगतो. बांधावरच्या परवानगीला त्याचा फार उपयोग होतो.

पक्ष्यांच्या बाबतीत मी काही गोष्टी ठामपणे टाळतो. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका. थवा उडण्याचे चित्र हवे म्हणून टाळ्या वाजवू नका किंवा दगड टाकू नका. थंडीतला स्थलांतरित पक्षी परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवत असतो आणि प्रत्येक अकारण उड्डाण त्याच्या साठ्यातून जाते. पक्षी चरणे थांबवून मान ताणून पाहू लागला की आपण जितके यायला हवे त्याहून एक पाऊल पुढे आलो आहोत. तेथेच बसा किंवा मागे सरा. परवानगीशिवाय ड्रोन उडवू नका. करकोच्यांच्या रात्रीच्या थाऱ्याचे किंवा घरट्याचे नेमके ठिकाण चित्राबरोबर प्रसिद्ध करू नका.

सुरक्षिततेचे दोन शब्द. भातशेतात घोणस असते, विशेषतः खुंटांत आणि गवताच्या कडेला. घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट घाला आणि बसण्यापूर्वी जागा काठीने तपासा. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात पाय घालू नका, लेप्टोचा (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. कुंभारजुव्याचा कालवा आणि त्याला जोडलेल्या पोयी यांत मगरी आहेत, म्हणून मुलीला पाण्याच्या अगदी काठावर बसू देऊ नका. येथील काही गावांत पौष अमावास्येला खाजनाच्या चिखलाची मगर घडवून तिची पूजा करतात, तिला मानगे थापणी म्हणतात. बांधावर काम करणाऱ्यांचे मगरीशी असलेले जुने नाते तिच्यातून कळते आणि मुलीला ही गोष्ट आवडेल.

मुलीसाठी ८×४२ ची दुर्बीण मिळाली तर आणा आणि तिला वही द्या. पक्ष्याचे नाव लिहिण्याआधी पाणी किती खोल होते, जमीन नांगरलेली होती की खुंटांची, आणि पक्षी काय खात होता हे तिने लिहावे. माझ्या अनुभवात मुले ही नोंद मोठ्यांपेक्षा चोख ठेवतात, आणि तिसऱ्या दिवशी कोणत्या कुणग्यात काय असेल हे तीच आपल्याला सांगू लागेल. नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकल्यास, वेळ आणि संख्या खरी लिहिल्यास, त्या पुढे इतरांच्या उपयोगी पडतात. संख्या मोजता आली नाही तर अंदाजे आकडा लिहा.

आपल्या मुक्कामाच्या नेमक्या तारखा आणि गाव कळवा. त्या दिवसांच्या भरतीच्या वेळा पाहून बेटांची सकाळ पहिल्या दिवशी ठेवायची की दुसऱ्या, आणि करमळीच्या खालच्या शेतांत तेव्हा चिखलणी कोठवर आली आहे, हे चौकशी करून सांगतो.